हळदीला पिवळा, शेताला हिरवा

हसनाबाद,
४ मार्च २०२५

प्रिय फरहाना,

तुझ्या दुकानाच्या काचेवर 'तोंडी तक्रार घेतली जाणार नाही' अशी पाटी आहे हे ठाऊक असूनही मी परवा फोन केला, ही माझी चूक. पण सख्ख्या मैत्रिणीला "लिहून पाठव, सगळं लिही" म्हणून फोन ठेवून देणारी तू बदरोद्दीनचाचांचीच लेक शोभतेस. चाचा रेडिओ दुरुस्तीला घेताना गिऱ्हाइकाकडून चिठ्ठी लिहून घ्यायचे, तू कॉम्प्युटरसाठी घेतेस. पॉलिटेक्निकला तीन वर्षं माझ्या वहीतून उतरवून घेतलंस, आता पत्रही मलाच लिहायला लावतेस. असो. तसंही मला फोनवर मोकळेपणी बोलता येत नाही. आमचे तहसीलदार दिवसभर माझ्या खोलीत ठाण मांडून असतात.

तहसीलदार म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई; तोंडावर मी त्यांना आत्याबाई म्हणते. तहसीलदार हे नाव फक्त तुला ठाऊक आहे, ते तसंच राहू दे.

तर तक्रार अशी. सोबतच्या डब्यात माझ्या कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, रॅमच्या, दोन पट्ट्या आहेत. जीपवाल्या वसंताला सांगितलंय, मांडीवर ठेवून आण म्हणून. कल्याण लग्नं शूट करतो आणि मी ती कापून, जोडून, गाणी घालून फिल्म करते, हे तुला माहीत आहे. दिवाळीत त्याने ह्या पट्ट्या संभाजीनगरहून आणल्या. मोठ्या फिल्मसाठी वेगवान रॅम लागते, असं तो म्हणाला. पण पट्ट्यांच्या डोक्यावर रंगीत दिवे आहेत, आणि माझा नवरा दुकानात वेग बघून भुलला असेल यावर माझा विश्वास नाही. खोलीत त्या लागल्या की मंडप घातल्यासारखं वाटतं.

अडीच महिने झकास चाललं. दीड महिन्यापासून फिल्म तयार होत आली की पडदा गोठतो. मग निळा होतो, इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. मेमरीत बिघाड, असं खाली लिहून येतं.

आता हसू नकोस, कारण पुढचं खरंच गंभीर आहे. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीने शेतकरी मेळाव्याची पाऊण तासाची फिल्म मला दिलीय. पाच एप्रिलला द्यायची. आवडली तर वर्षभराचं काम. आणि दिवाळीतच आत्याबाईंनी बजावून ठेवलंय, "आखाजीपर्यंत बघते. तवर काही जमलं न्हाई तर खोली मोकळी कर, सोयाबीनची पोती ठेवायला जागा न्हाई." आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तीस एप्रिलला आहे. ही फिल्म झाली नाही तर खोली गेली, खोली गेली की काम गेलं, आणि मग मी पुन्हा फक्त भाकरी थापणारी सून. मला भाकरीचा राग नाही, 'फक्त' या शब्दाचा आहे.

कोणती पट्टी खराब ते सांग.

तुझी,
साधना


नवीन जालना,
९ मार्च

साधनाबाई,

तक्रार पोचली. अक्षर अजून तसंच आहे, तुझ्या वहीतून उतरवताना माझे मार्क का कमी यायचे ते आज कळलं. डबा उघडला तर पट्ट्या पैठणीच्या घडीत. वसंता म्हणाला, "ताई, आत दागिनं हायेत का?" मी हो म्हटलं. परत येताना तेवढीच जीप हळू चालेल.

आता कामाचं. दोन्ही पट्ट्यांचे पितळी दात खोडरबरने घासले. टेबलावर माझं एक उघडं मशीन असतं, त्यात आधी पहिली एकटी लावली, मग दुसरी एकटी, मग दोघी मिळून. आधी सावकाश चालवल्या, मग डब्यावर लिहिलेल्या पूर्ण वेगाने. तपासणीचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतो, त्याला विंडोज वगैरे काही लागत नाही. पट्टीच्या प्रत्येक घरात तो एक आकडा ठेवतो आणि थोड्या वेळाने जाऊन विचारतो, बाई, काय ठेवलं होतं? पट्टी खोटं बोलली की लाल ओळ येते. चार फेऱ्या झाल्या, सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत. लाल ओळ एकही नाही. तुझ्या पट्ट्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच माणसांपेक्षा खऱ्या निघाल्या.

दिव्यांचं मात्र काय सांगू. रोजे चालू आहेत, आणि दुपारी चार वाजता माझ्या नाकासमोर दोन पट्ट्या पिवळ्याधमक झळकत होत्या. मला अख्खा दिवस जिलेबी दिसत होती. शेजारच्या बँकेतले दोघे काचेला नाक लावून उभे. अब्बांनी तर खुर्चीच टेबलाजवळ ओढली. म्हणाले, आमच्या रेडिओत एक बारका हिरवा दिवा असायचा, त्यासाठी लोक स्टेशन बदलत राहायचे.

तात्पर्य, रॅम बिलकुल बराबर आहे. परत पाठवते. आता तू एक वही कर. मशीन कधी बंद पडलं, तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं, खोलीत काय चाललं होतं, सगळं लिही. आणि मशीनमध्ये फुकटचे प्रोग्राम भरले असतील तर आत्ताच सांग. कॉलेजात तू माऊसच्या बाणामागे फुलपाखरं उडवणारा प्रोग्राम टाकून आख्खी लॅब बंद पाडली होतीस, ते सर विसरले असतील, मी नाही.

फरहाना


हसनाबाद,
१५ मार्च

फरहाना मॅडम,

तुमच्या खऱ्या पट्ट्यांनी चार दिवसांत मला तीनदा तोंडावर पाडलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तुझ्या तपासणीबद्दल म्हणणार नाही. पण मनात आलं होतं.

वही केली. घे वाच.

मंगळवार, सकाळी अकरा. एका लग्नाची फिल्म तयार होत होती. हळदीचा प्रसंग आला आणि पडदा गोठला. खोलीत मी आणि आत्याबाई.

बुधवार, दुपारी दोन. बियाणे कंपनीची फिल्म. स्टेजवरची भाषणं नीट गेली, कपाशीचं शेत आलं आणि बंद. खोलीत मी आणि आत्याबाई.

गुरुवार. मी आणि आत्याबाई देवळात गेलो होतो. मशीन एकटं चार तास चाललं, काही झालं नाही. बहुतेक आम्ही बोलून आलेला नवस पोचला असेल.

शुक्रवारी धुळवड. घरात पाहुणे आणि आत्याबाई त्यांना खोली दाखवायला घेऊन आलेल्या. पुन्हा बंद. पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, "हे मशीन लई नाजूक दिसून राह्यलं." मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पाहुण्यांना खोली कशाला दाखवली? पोती किती मावतील ते मोजायला, आणखी कशाला.

तपासणी म्हणून मी दिव्याच्या पट्ट्या काढून कल्याणच्या जुन्या मशीनची साधी पट्टी लावून पाहिली. अजिबात बंद पडत नाही. पण ती इतकी अपुरी आहे की पाऊण तासाची फिल्म घ्यायलाच तयार नाही. म्हणजे दोष दिव्याच्या पट्ट्यांतच आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही परत पाठवतेय. या वेळी जरा डोळे उघडून बघ. रोज्याने डोळ्यांपुढे जिलेब्या येत असतील तर इफ्तारनंतर बघ.

आणि नाही, फुकटचा प्रोग्राम एकही टाकलेला नाही.

साधना


नवीन जालना,
२० मार्च

साधना,

डोळे उघडून बघितलं. तुझ्या खोलीवर पत्रे आहेत आणि मार्च तापलाय, म्हणून आधी उन्हाचा संशय घेतला. शेजारच्या ब्युटी पार्लरमधून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं आणि पट्ट्या पूर्ण वेगाने चालू असताना त्यांच्यावर गरम वारा सोडला. पार्लरवाली म्हणाली, नवरी कुठंय? मी पट्ट्या दाखवल्या. हात लावला तर चटका बसेल इतक्या तापवल्या. आकडा एकही चुकला नाही.

तेव्हा मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं आणि तुझ्या पत्राकडे बघितलं.

पहिल्यांदा पट्ट्या आल्या तेव्हा त्या लावल्याबरोबर पिवळ्या पेटल्या. या वेळी हिरव्या पेटल्या. या कंपनीच्या पट्ट्या शेवटचा दिलेला रंग लक्षात ठेवतात. डब्यातून नव्या निघतात तेव्हा त्यांच्यात सगळे रंग आपोआप फिरत असतात. मग तुझ्या घरी त्यांना एकदा पिवळं आणि एकदा हिरवं कोणी केलं? हा रंग हाताने बदलत नाही, त्याला प्रोग्राम लागतो. तो फुकटच मिळतो.

तुझी वही पुन्हा वाच. हळदीला बंद, शेताला बंद, पाहुण्यांना खोली दाखवली तेव्हा बंद. तुम्ही दोघी देवळात होता तेव्हा चालू. नवसाबद्दल मी काही बोलत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुझ्या मनात किती रंगांचं आहे, ते सगळं लिही.

फरहाना


हसनाबाद,
२३ मार्च

फरहाना,

एक नाही, दोन आहेत.

पहिला प्रोग्राम पट्ट्यांबरोबरच आला होता. दुसरा कल्याणने नेटवरून उतरवला, कारण पहिल्यात शेंदरी रंग नीट येत नव्हता. आता दोन्ही चालू असतात. तुला सांगितलं नाही, कारण तू फुलपाखरं काढशील हे माहीत होतं. काढलीसच.

आणि रंग मी बदलत नाही. आत्याबाई बदलतात.

संक्रांतीला त्या खोलीत आल्या. मी एका लग्नाची हळद जोडत होते आणि दिवे निळे होते. त्या म्हणाल्या, "हळदीला निळं चालतं व्हय? अशुभ दिसतं." मी माऊस हातात देऊन पिवळा कसा करायचा ते दाखवलं, झालं. तेव्हापासून हळदीला पिवळा, मेंदीला हिरवा, देवाला शेंदरी, सासरी निघताना पांढरा. शेत आलं की हिरवा, त्यातही कपाशी असली तर बोंडं फुटल्यासारखा पांढरट हिरवा, तो जमेपर्यंत त्या माऊस सोडत नाहीत. एका हळदीत पिवळा चार वेळा बदलतात, कारण कच्ची हळद वेगळी आणि दळलेली वेगळी.

तू म्हणशील, मग सांग त्यांना नका बदलू म्हणून. फरहाना, मी नाही सांगू शकत. त्या दिवसभर माझ्यावर नजर ठेवून बसतात. मी कधी उठते, किती वेळ काम करते, मशीन किती वेळा बंद पडतं. रंगांच्या नादात निदान गप्प तरी असतात. माझ्या तोंडून "हात लावू नका" निघालं की त्या म्हणतील, माझ्याच घरात मला बंदी, उचल तुझं मशीन. मला ही खोली इतकी हवी आहे की मी त्यांना काही बोलतच नाही. चहा घ्या म्हणते, बसा म्हणते, एवढंच.

आणि साध्या रंगांनी एवढं मोठं मशीन बंद पडेल, हे मला अजूनही पटत नाही. पटवून दे. तेरा दिवस उरलेत.

साधना


नवीन जालना,
२७ मार्च

साधना,

पटवून देते. आधी मी माझा स्वतःचा पाणउतारा करून घेते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं माझं तीन आठवडे चाललं होतं. मी तपासायचे तेव्हा पेनड्राइव्हवरून, विंडोज बंद. म्हणजे तुझे दोन्ही रंगारी घरी झोपलेले. पट्ट्या खरंच बोलणार.

परवा मी तुझ्यासारखंच मशीन मांडलं. दोन्ही प्रोग्राम टाकले, एक जुनी निकाहची फिल्म तयार करायला लावली आणि अब्बांना माऊस दिला. म्हटलं, तुम्ही फक्त रंग बदला. ते इतके खूश झाले की दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर टोपीसुद्धा न काढता येऊन बसले. अठ्ठेचाळिसाव्या रंगाला पडदा गोठला. पुन्हा केलं, एकतिसाव्याला गोठला. एक प्रोग्राम काढला तर दोनशे रंग झाले तरी काही नाही. शेवटी अब्बा म्हणाले, "बस, आता माझाच पडदा गोठेल."

कारण असं की दिव्यांना निरोप द्यायची आत एक बारीक तार असते, आणि पट्टी आपली स्वतःची माहितीही त्याच तारेवरून सांगते. दोन प्रोग्राम म्हणजे एका नळावर दोन घागरी. एरवी आपापला नंबर लावतात. पण रंग घाईघाईने बदलले की दोघी एकदम वाकतात आणि भांडण होतं, मग सगळ्या गल्लीचं पाणी बंद. तू साधी पट्टी लावलीस तेव्हा दिवेच नव्हते, म्हणून भांडण नव्हतं. पट्ट्या निर्दोष आहेत. दोन्ही परत पाठवतेय.

उपाय सोपा आहे. दुसरा प्रोग्राम आजच काढ. आणि कंपनीची फिल्म तयार होत असेल तेवढा वेळ पहिलाही बंद ठेव, कोणीही रंगांना हात लावायचा नाही. तेवढे तीन तास.

म्हणजे तुला सासूबाईंना सांगावंच लागेल. ह्या कामासाठी माझ्याकडे पट्टी नाही आणि प्रोग्रामही नाही.

पण एक सांगू? मी तुझी पाचही पत्रं, म्हणजे तीन पत्रं आणि दोन पार्सलवरच्या चिठ्ठ्या, समोर ठेवून वाचली. ज्या बाईला खोलीत पोती ठेवायची आहेत, ती कपाशीच्या बोंडाचा पांढरा जमेपर्यंत माऊस सोडत नाही का? पाहुण्यांना ती खोली मोजायला घेऊन आली, हे तुला कोणी सांगितलं? तू पॉलिटेक्निकलाही अशीच होतीस. सरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी तू नापास झाले म्हणून रडायचीस. मला वाटतं तुझ्या खोलीत तहसीलदार बसत नाही, प्रेक्षक बसतो. मी चूक असेन तर ईदचा शिरखुर्मा मी हसनाबादला स्वतः घेऊन येईन आणि तुझी पोती उचलायला मदत करेन.

सांग त्यांना. लिहून नको सांगूस, तोंडाने सांग. ही पाटी फक्त माझ्या दुकानाला आहे.

फरहाना


हसनाबाद,
९ एप्रिल

फरहाना पोरीला झुंबरबाईचा आशीर्वाद.

तू मला वळखत न्हाईस, पर म्या तुला चांगली वळखते. तुझी समदी पत्रं म्या वाचली. म्या चौथी शिकलेली हाये, जोडाक्षर आलं की जरा थांबावं लागतं, बाकी येतं. तुमच्या दुकानात लिहूनच द्यावं लागतं म्हणं, म्हणून लिहिते.

पाडव्याला जेवणं झाल्यावर साधना माझ्यापुढं बसली. तोंड असं केल्तं जसं काही माहेरी कोणी गेलं. मला वाटलं कल्याणनं काही केलं. मंग म्हनली, "आत्याबाई, तुमच्या रंगानं मशीन बंद पडून राह्यलं." एवढंच म्हनली आन् रडाया लागली. मंग तुझी पत्रं आन्ली, न् तिनं तुला लिहिलेली वहीतली कच्ची बी दाखवली. म्हनली, मला बोलता येत न्हाई, तुम्हीच वाचा.

आधी ते तहसीलदार वाचलं. राग आल्ता, खोटं कशाला बोलू. मंग कल्याणला वाचून दाखवलं, तर तो इतका हसला की मला बी हसू आलं. आता तो मला सायेब म्हणून हाक मारून राह्यला.

पर पोरी, त्या पोत्यांचं वाचलं न् म्या कागद खाली ठेवला. सोयाबीन आमचं माघातच इकलं. घरात पोतं हाये कुठं? दिवाळीला काही तरी रागात बोलले असंन म्या, कामाच्या घाईत माणूस बोलतं. म्या बोलले न् इसरून गेले. ती पोरगी पाच महिने उशाला घेऊन झोपली.

पाहुण्यास्नी खोली दावली ती मोजायला न्हाई. माझी सून कशी सिनेमा करती ते दावायला आणल्तं. जावा म्हनत व्हत्या, तुमची सून दिसभर दार लावून काय करती? म्हणून दावलं. नेमकं बंद पडलं. मंग लाज राखायला म्या म्हनले, मशीन नाजूक हाये. सुनेला नाजूक म्हनले न्हाई.

आन् म्या तिथं का बसते ते बी सांगते. लग्नात माणूस कॅमेऱ्याला दिसतं एक, न् कॅमेरा दुसरीकडं हाये असं वाटलं की दिसतं एक. पोरगी पंगतीत वाढती कशी, पोरगं म्हाताऱ्याला खुर्ची देतं का न्हाई, समदं दिसतं. म्या त्या खोलीत बसून तीन स्थळं जुळवली. दोन लग्नं तर ह्याच वैशाखात हायेत, त्याची शूटिंग बी कल्याणलाच. हे साधनाला म्हाईत नव्हतं. म्या तिला सांगितलं न्हाई, ती कामात हाये म्हणून म्या बोलायची न्हाई. ती मला भिऊन बोलायची न्हाई. दोघी एका खोलीत गप.

तीन तारखेला तिनं कंपनीची फिल्म लावली. दिवे बंद केले. म्या दाराबाहेर पाट टाकून बसले, आत कोणाला सोडलं न्हाई, कल्याणला बी न्हाई. तीन तास झाले न् आतून हाक आली, "आत्याबाई, झाली." मंग आत जाऊन फिल्म बघितली, कपाशीचं शेत आलं तवा पट्ट्या काळ्या व्हत्या. शेत तरी बी हिरवंच दिसलं. कंपनीवाल्यानं वर्षाचं काम दिलं, कागद आला.

तुला एक इचारायचं व्हतं. तू तपासणी करती, चुकलं तर लाल ओळ येती म्हनलीस. माझी ओळ कुठं यायला पाहिजे व्हती? ती पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, माझ्याबद्दल, जालन्याला कागद लिहून राह्यली. न् म्या बाजूला बसून रंग बदलून राह्यले. एका शब्दाचं काम व्हतं. तेवढा शब्द ती मला बोलू शकत नव्हती, हे मला लई लागलं. तिचा दोष न्हाई. म्या दिवाळीला बोलले त्येचा हाये.

आता बरं चाललंय. खोलीचं दार उघडं असतं. दुसरा प्रोग्राम काढला, एकावर शेंदरी जरा भगव्यासारखा येतो, चालून जातं. तुझा शिरखुर्मा वसंतानं आणला, भांडं धुऊन त्येच्याचजवळ देते.

काल म्या नेहमीसारखी खुर्ची ओढून बसले. साधना काम करत व्हती. पडद्याकडं बघत बघतच म्हनली, "आत्याबाई, जरा तिकडं सरका, माझा उजेड अडतो."

म्या सरकले. मला इतकं बरं वाटलं.

झुंबरबाई